मुडद्याने बंद केलेला स्विच

मुडद्यांचे सिनेमे मला आवडत नाहीत. मेलेल्या माणसाला उठवायचं, लोकांच्या अंगावर धावायला लावायचं आणि आपण अंधारात बसून पॉपकॉर्न खायचं, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. तरी असल्याच एका सिनेमाला मी तीनदा गेले. तिसऱ्यांदा तर एकटी गेले, घरात भाजी आणायला जाते म्हणून सांगून.

तो सिनेमा ज्या कादंबरीवरून काढला, ती मात्र माझ्या जुन्या ओळखीची. ऐरोलीच्या वाचनालयातून आणून मी ती दोन दिवसांत संपवली होती. तेव्हा आमचे हे रबाळ्याला एका रंगाच्या कारखान्यात फिटर होते. कादंबरीत पुढच्या काळातली एक कंपनी आहे, ती आपल्या कामगारांना मरू देत नाही. माणूस मेला की त्याला सुई टोचतात, आणि भोंगा झाला की तो उठून कामावर येतो. त्याला घर आठवत नाही, बायको आठवत नाही, फक्त पाळी आठवते. मी ह्यांना त्यातली पानं मुद्दाम वाचून दाखवली. "बघा, तुमचंच लिहिलंय," म्हटलं. हे जेवता जेवता म्हणाले, "सुई कशाला पायजे? आमी तसंच जातो की." साताऱ्याचा माणूस, फार बोलत नाही, पण बोलला की पुढे बोलायला जागा ठेवत नाही.

पुढे कारखाना बंद पडला आणि दोन वर्षांनी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात छातीशी मुडपला, उजवा पाय फरफटायला लागला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, रोज चालवा. पहिले काही दिवस हे सोसायटीच्या आवारात चाललेही. मग एका संध्याकाळी बाकावर बसलेल्या एका बाईंनी नातवाला जवळ ओढून घेतलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "बाजूला हो, आजोबांना जाऊ दे. घाबरू नको हं." पोर घाबरलं नव्हतंच. हे मात्र तिथूनच मागे फिरले, आणि नंतर चार-पाच वर्षं खाली चालायला उतरले नाहीत.

दवाखान्यात जायचं तर भर दुपारी, आवारात चिटपाखरू नसताना, लिफ्टमधून थेट रिक्षात. बाकी फेऱ्या हॉलमध्ये, टीपॉय बाजूला सारून. मी चिडायचे, रडायचे, टोमणे मारायचे. "नवी नवरी आणलीये जणू, उंबरा ओलांडत नाही." हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. मला भीती ह्यांच्या पायाची नव्हती. हा माणूस असाच आत आत जाईल आणि एक दिवस माझ्याशीही बोलायचा थांबेल, ह्याची होती.

अशात एका सकाळी दिघ्याचे भाऊजी आले. ते ह्यांच्याच कारखान्यात बॉयलरवर होते, आणि मोठ्याने बोलायची सवय तिथलीच. दारातूनच म्हणाले, "वहिनी, आपल्या कंपनीत शूटिंग हाय! पिक्चरवाल्यांना पन्नासेक मुडदे पायजेत. बोलले, खरे कामगार असतील तर बरं. आमी सगळे चाललोय."

सिनेमा कशावरचा ते विचारलं, आणि सुईची गोष्ट ऐकल्याबरोबर मी ओळखलं. माझ्या कादंबरीचा मुडद्यांचा तमाशा करणार म्हणून मी नाक मुरडलं. भाऊजींनी हेही सांगितलं की शूटिंग संपलं की कारखाना पाडणार आहेत. तेव्हा सोफ्यावरून आवाज आला, "मला... बघायचाय." चार वर्षांत ह्यांनी आपणहून काही मागितलं ते हेच. मी लगेच साडी बदलली आणि रिक्षा बोलावली.

कारखान्याच्या आवारात कमरेएवढं गवत वाढलं होतं. आत मात्र जमिनीवरचे निळे-पिवळे डाग जसेच्या तसे होते. ह्यांचे जुने सोबती तोंडाला राखाडी रंग फासून, ओठ न हलवता वडापाव खायची खटपट करत होते. ह्यांना बघून सगळे उठले. एवढ्यात सिनेमावाल्यांपैकी एक जण ओरडला, "अरे, हे काका भारी आहेत! मेकअपची पण गरज नाय, वॉक एकदम परफेक्ट!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. गडबड ऐकून दिग्दर्शिका आली. तिशीतली मुलगी, केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, पण माफी मागायला ती माझ्याकडे आली नाही. ह्यांना खुर्ची दिली होती, तिच्यासमोर ती उकिडवी बसली.

"काका, आमच्या माणसाचं चुकलं. सॉरी. तुम्ही इथे काय काम करायचात?"

चार वर्षांत सगळ्यांनी ह्यांना काय काय जमत नाही तेच विचारलं होतं. हे खुर्चीत सावरून बसले. मग म्हणाले, "फिटर. मेंटेनन्स."

"मग मला आत फिरवाल? मला ह्यातलं एकही मशीन कळत नाहीये."

ह्यांनी तिला फिरवलं. अडखळत, थांबत, डाव्या हाताने दाखवत. मला चहाच्या टेबलाजवळ बसवून ठेवलं होतं. परत आले तेव्हा ह्यांनी मला सांगितलं, "मी करतो." मी म्हटलं, काही गरज नाही, लोकांपुढे शोभा करून घ्यायची हौस आहे का. "करतो, बोललो ना," हे म्हणाले.

पहिल्या खेपेला तर हसून पुरेवाट झाली. भोंगा वाजला की मुडद्यांनी चारी बाजूंनी वेडेवाकडे आत घुसायचं होतं. भोंगा वाजला आणि पन्नासच्या पन्नास मुडदे टाइम ऑफिसच्या भिंतीशी शिस्तीत रांगेत उभे राहिले. तिथे हजेरीचं यंत्र होतं एके काळी, आता नुसती चार भोकं राहिली होती. दिग्दर्शिकेने कपाळाला हात लावला. भाऊजी ओशाळून म्हणाले, "सॉरी मॅडम, पाय आपोआप गेले."

पुढचा प्रसंग मोठा होता. सिनेमाचा नायक पळता पळता रंग घुसळायच्या टाकीत लपतो. यंत्र धडधडत असतं, आणि मुडदे टाकीला वेढा घालून त्याला ओढायला हात आत घालतात. हे सगळ्यांत मागे होते. भोंगा झाला, यंत्र सुरू झालं, गर्दी टाकीकडे सरकू लागली. हे पाय ओढत निम्म्या वाटेवर आले आणि थांबले. मान वळवली. मग सगळ्यांच्या उलट दिशेने भिंतीकडे निघाले.

तिथे मेन स्विच होता. ह्यांनी डाव्या हाताने दांडा खाली ओढला. यंत्र घरघरून बंद पडलं. शेजारच्या खिळ्यावर पत्र्याचा एक लाल बोर्ड लटकत होता, तो काढला, शर्टाला पुसला आणि स्विचच्या दांड्यावर अडकवला. मग तितक्याच सावकाश टाकीपाशी आले, तिच्यावर दोनदा थाप मारली आणि म्हणाले, "ये... भायेर."

कुणीतरी कट म्हणून ओरडणार होतं, दिग्दर्शिकेने हात वर करून त्याला गप्प केलं. कॅमेरा चालूच राहिला.

त्या बोर्डाबद्दल सांगायला हवं. त्यावर लिहिलं होतं, "स्विच चालू करू नका. माणूस काम करत आहे." टाकी साफ करायला माणूस आत उतरायचा, तेव्हा फिटरने आधी स्विच पाडायचा आणि हा बोर्ड लावायचा. आमच्या लग्नाआधी कुणीतरी बोर्ड न लावता माणूस आत सोडला, दुसऱ्याने येऊन स्विच वर केला आणि आतल्याचा हात गेला. तेव्हापासून नियमच होता, बोर्ड ज्याने लावला त्यानेच काढायचा. मालक आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. घरी पंखा पुसायचा असला तरी हे स्विचवर कागद चिकटवायचे, मी हसायचे.

टाकीची पाती शूटिंगच्या आधीच काढून ठेवली होती. फिरत होतं ते बाहेरचं चाक, नुसत्या आवाजासाठी. ते कुणीतरी सांगितल्यावर ह्यांचे कान लाल झाले. "चुकलं. माणूस दिसला आत," एवढंच म्हणाले आणि माझ्याकडे बघायला लागले, घरी चल म्हणून. मलाही तेच हवं होतं. पण ती मुलगी डोळे पुसत आली आणि म्हणाली, "काका, हे पुस्तकात नाहीये. मी घेऊ हे?"

घरी येऊन मी कादंबरी पुन्हा आणली आणि पहिल्यापासून वाचली. खरंच नव्हतं. ती कादंबरी मोठी आहे, आजही मी ती कुणालाही छातीठोकपणे देईन. पण तिच्यात मुडद्यांना सगळ्याचा विसर पडतो आणि फक्त काम आठवतं, तेव्हा काम म्हणजे नुसतं राबणं असं धरलेलं आहे. आठवणीत राहिलेल्या त्या कामात दुसऱ्याचा जीव सांभाळणंही असतं, हे लिहिणाऱ्याला सुचलं नाही. मलाही सुचलं नव्हतं, आणि मी तर फिटरच्या घरात राहत होते.

सिनेमा वाशीला लागला तेव्हा मी कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या घेतल्या. सगळे बाहेर पडले की मग निघू, असं आमचं ठरलं होतं. सिनेमा भीतिदायक आहे, नाही कशाला म्हणू, दोनदा मी डोळे मिटले. पण त्या मुलीने आमच्या माणसांची कुठेही टर उडवलेली नाही. रांगेचा प्रसंगसुद्धा ठेवलाय, आणि त्याला कुणी हसलं नाही. मग टाकीचा प्रसंग आला. पडदाभर ह्यांचा चेहरा. ते ओढलेलं तोंड, तो अर्धा मिटलेला डोळा. मी इतकी वर्षं त्या तोंडाला घास भरवला, पण असं टक लावून कधी बघितलंच नव्हतं, त्यांना वाईट वाटेल म्हणून. दांडा खाली आला, यंत्र थांबलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "वाचवला रे त्याने." किती देखणा आहे माझा नवरा! तिसऱ्यांदा मी एकटी गेले ती एवढं बघायला.

त्या पहिल्या दिवशी दिवे लागले तेव्हा हे मात्र जागचे हलले नाहीत. हॉल रिकामा झाला, झाडूवाले आले, मग आम्ही निघालो. घरी आल्यावर एक शब्द नाही. मला वाटलं, संपलं, सिनेमा झाला आणि आम्ही पुन्हा जिथल्या तिथे.

दिग्दर्शिकेने शूटिंगच्या शेवटी ह्यांना विचारलं होतं, आठवण म्हणून काय हवं. ह्यांनी तो पत्र्याचा बोर्ड मागून घेतला होता. तो आमच्याकडे कॅलेंडरच्या खिळ्यावर असायचा. सिनेमानंतर आठवडाभराने, संध्याकाळी मी कणीक मळत होते. हॉलमधली पायाची फरफट थांबली म्हणून डोकावले, तर हॉल रिकामा आणि खिळ्यावर बोर्ड नाही. मी पिठाच्या हातांनी गॅलरीत धावले.

खाली आवार भरलेलं होतं. मुलं सायकली फिरवत होती, बाकावर बायका बसल्या होत्या. त्यांच्या समोरून हे चालले होते, काठी टेकत, पाय ओढत, न थांबता. हात धरायला मी दाराकडे पळाले. दार ओढलं तर बाहेरच्या कडीत तो बोर्ड अडकवलेला.

माझा हात त्याच्यापर्यंत गेला. पण तो ज्याने लावला त्यानेच काढायचा. मी दार लोटून घेतलं, आत जाऊन हात धुतले आणि ह्यांची फेरी संपायची वाट बघत बसले.