ट्रामभाऊंचे साडेतीन फूट

कंपनीत जपानहून मशीन आलं की सगळे मशीनकडे धावायचे आणि आमचे ट्रामभाऊ खोक्याकडे. लाकडी खोकं फुटलं रे फुटलं, की पन्नाशीला टेकलेला हा फिटर गुडघ्यांवर बसायचा, मशीनभोवती कोंबलेले चुरगळलेले जपानी कागद एकेक करून बाहेर ओढायचा आणि मांडीवर सपाट करायचा. त्यात आगगाडीचा नाहीतर ट्रामचा फोटो दिसला की "घावली!" म्हणून असा ओरडायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, ह्याची चुकलेली म्हैसच परत आली.

मी तेव्हा गेटजवळच्या टाइम ऑफिसमध्ये, जिथं हजेरी लागायची तिथं, टायपिस्ट होते, देहूरोडहून यायची. भाऊ चिखलीचे, पिढीजात शेतकरी घरातले. उभ्या आयुष्यात एकदाच, मुंबईला मेव्हण्याकडे गेले असताना ट्राममध्ये बसले होते. पुढं मुंबईची ट्राम बंद झाली तेव्हा घरात कुणी गेल्यासारखे दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. मग पहिलं जपानी खोकं फुटलं आणि त्यांना कळलं, की तिकडे ट्राम अजून धावते आहे. "मुंबईनं येडेपना केला, ताई. जपान श्यानं हाय," हे त्यांनी मला निदान शंभरदा ऐकवलं असेल.

मी बौद्ध घरातली, म्हणून चिडवायचेही. "तुमच्या बुद्धाचा देश हाय त्यो. देवळाम्होरनं ट्राम जाती. दर्शन घ्यायचं आन् ट्राम धरायची. आनिक काय पायजे मानसाला?" मी म्हणायची, "भाऊ, आधी भाड्याचं बघा." त्यावर ते एवढे मनापासून हसायचे, की मलाच ओशाळं व्हायचं.

गुरुवारी आमची सुट्टी. बाकीचे लोक दाढी-कटिंग, बाजारहाट करायचे आणि भाऊ सायकल मारत चिंचवड स्टेशनला. तिथं इलेक्ट्रिक इंजिनाच्या डोक्यावरची ती तारेला टेकणारी शिडी तासन् तास बघत बसायचे. स्टेशनमास्तरांनी दोनदा हटकलं. तिसऱ्यांदा बिचाऱ्यांनी चहा पाजला.

एका फोटोवर मात्र त्यांचा जीव जडला. समोरून येणारी ट्राम, शेजारी टोपी घातलेला कंडक्टर, आणि पुढून रूळ ओलांडणारा एक सायकलवाला. ही ट्राम हुबेहूब बनवायची आणि खंडेनवमीला शॉपमध्ये, म्हणजे मशीनखात्यात, मांडायची, असं त्यांनी ठरवलं. त्या दिवशी मशीनांची पूजा व्हायची, हार चढायचे, घरची माणसं कंपनी बघायला यायची. भाऊंच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, गावात टोमणे बसत होते. नवरा रद्दी गोळा करतो म्हणून. "यंदा तिला दावतोच, रद्दीतनं काय निघतं ते," भाऊ म्हणाले.

तीन वर्षं खपले हो ते! जेवणाच्या सुट्टीत आणि घरी. पत्र्याची बॉडी, पितळी चाकं, वायपरची मोटर, वर तांब्याची तार आणि तारेला टेकायला छत्रीच्या काड्या. शिवाय रीतीप्रमाणे ड्रॉइंग हवं, म्हणून खऱ्या ट्रामची मापंही काढली. मापं काढायची त्यांची पद्धत सोपी. चिंचवडच्या स्टेशनमास्तरांना विचारून दोन रुळांमधलं अंतर घेतलं, साडेपाच फूट. त्या हिशेबानं फोटोतलं बाकी सगळं मोजलं आणि शीटवर लिहून टाकलं.

ते शीट ड्रॉइंग ऑफिसच्या साहेबांनी बघितलं आणि त्यांना हसू आवरेना. ट्राम निघाली एकोणीस फूट उंच आणि कंडक्टर सव्वाआठ फूट! "जपानात राक्षस नोकरीला ठेवतात का हो?" साहेब म्हणाले, आणि सगळं ऑफिस खो खो हसलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू. मग साहेबांनी लाल पेन्सिलनं शीटवर शेरा मारला: बॉडी रुळांच्या मानाने फार मोठी, कापून लहान करावी, अन्यथा मांडू नये. भाऊ एवढंच म्हणाले, "फोटो खोटं बोलत न्हाई, सायेब. कापनार न्हाई आमी." खंडेनवमीला आठ दिवस उरले होते.

चार दिवस भाऊ जेवणाच्या सुट्टीत तोच फोटो मांडीवर घेऊन बसले. पाचव्या दिवशी पहिली शिफ्ट सुटली, गेटवर शेकडो सायकलींची झुंबड उडाली आणि त्या गर्दीत हा माणूस फोटो हातात धरून मधोमध उभा! लोक घंट्या वाजवतायत, शिव्या घालतायत. ते धावत माझ्या खिडकीशी आले. "ताई, सायकल! सायकलीचं चाक जगात कुटंबी केवढं आसनार? आपल्यावानीच की! अठ्ठावीस इंच. आन् ह्या दोन रुळांमदलं आंतर बगा, बरूबर दीड चाक!" मी कागदावर गुणाकार केला. बेचाळीस इंच, म्हणजे साडेतीन फूट. त्या मापानं कंडक्टर सव्वापाच फुटांवर आला आणि ट्राम बारावर. राक्षसाचा माणूस झाला. चूक बॉडीची नव्हतीच. चिंचवडचा रूळ जपानला नेऊन टाकला होता, तीच काय ती चूक. मॉडेलला हात लावायचीसुद्धा गरज नव्हती.

पण साहेब ऐकेनात. "सायकलीवरून रेल्वे मोजतात होय? साडेतीन फुटांत ट्राम उभी तरी राहील का?" मला त्यांचा असा राग आला! शेवटी खंडेनवमीला ट्राम आली ती शॉपच्या एका कोपऱ्यात, कापडाखाली झाकून. भाऊ शेजारी नवा सदरा घालून उभे, आणि वहिनी डोक्यावरचा पदर सावरत त्या कापडाकडे बघत होत्या.

त्या वर्षी नवा प्रेस बसवायला जपानहून एक इंजिनियर आले होते. साहेब त्यांना पूजा दाखवत हिंडत होते आणि त्यांचं मोडकं इंग्रजी समजून घ्यायला मला बरोबर घेतलं होतं. कोपऱ्याशी आलो तशी माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे, मी सरळ पुढं झाले आणि कापड ओढलं. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो इंजिनियर मात्र जागच्या जागी थबकला. मग सुटाबुटात खाली बसला, खिशातून पट्टी काढली, रूळ मोजला, बॉडीची उंची मोजली, तोंडातल्या तोंडात भागाकार केला आणि वर बघून म्हणाला, "थ्री फीट सिक्स. करेक्ट." काही शहरांत आमचे रूळ मोठे आहेत, पण ही ट्राम ज्या शहरातली आहे तिथं इतकेच, असंही त्यानं सांगितलं. मी ते मराठीत एवढ्या मोठ्यांदा सांगितलं, की पलीकडच्या शॉपपर्यंत गेलं असेल.

भाऊंनी बटण दाबलं. छत्रीच्या काड्या तारेला टेकल्या, एक ठिणगी उडाली आणि ट्राम निघाली. अख्खा शॉप टाळ्या पिटत होता, कुणी भंडारा उधळला, कुणी मशीनचा हार काढून भाऊंच्या गळ्यात घातला. इंजिनियरनं कमरेत वाकून नमस्कार केला आणि विचारलं, तुम्ही जपानात किती वर्षं होता? मी ते मराठीत विचारलं तसं भाऊ लाजले. "त्यास्नी सांगा, आमी पुन्याला बी जत्रंपुरतं जातो." वहिनी रडत होत्या आणि हसतही होत्या. मी तर सरळ रडले.

साहेबांनी पेन्सिल काढली, स्वतःचा शेरा सगळ्यांदेखत खोडला आणि खाली सही केली. माणूस दिलदार होता, हेही सांगायला हवं. तेव्हापासून कुठलंही नवं ड्रॉइंग शॉपवर जायच्या आधी "भाऊंना दाखवलं का?" हा त्यांचा पहिला प्रश्न असे.

ऐंशी सालानंतर भाऊ निवृत्त झाले. निरोपाच्या सभेत सगळ्यांची लांबलचक भाषणं झाली आणि शेवटी माइक त्यांच्या हातात दिला. ते उठून उभे राहिले. मग म्हणाले, "तीस वर्सं लोखंड कापलं आमी. पर लोक आठवन काडत्यात ती येकदा कापलं न्हाई त्याची." आणि खाली बसले. पहिली टाळी साहेबांची होती.