मागच्या दाराची फळी

वर्ध्याकडच्या तळेगावचा कवडू सुतार लाकडाच्या बाबतीत फार हट्टी. आर्वीच्या शाळेतून निवृत्त झालेले मधुकरराव बायकोच्या माहेरगावी, कोकणात समुद्राकाठी घर बांधायला निघाले, तेव्हा त्यांनी त्यालाच गाठलं. खांब, तुळया, दारं-खिडक्या, सगळं आपल्याकडच्या सागवानाचं आणि कवडूच्या हातचं हवं होतं. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात ट्रकमधून लाकूड गेलं, पाठोपाठ कवडू.

खाऱ्या वाऱ्यानं खिळे गंजतात हे तिथं कळल्यावर त्यानं सगळे सांधे लाकडी खुंट्यांनी ठोकले. रंग लावू दिला नाही, नुसतं तेल चोळलं. लाकडाच्या रेघा अशा उठून आल्या की शेजारपाजारचे हात फिरवून जात. पण अगदी शेवटी, मागच्या दाराला एक फळी कमी पडली. दोन वर्षं वाळवलेलं सागवान संपलं होतं. कवडूनं तिथल्याच आरागिरणीतून ओली फळी आणली, बसवली आणि कुणाला काही न बोलता घरी परतला.

आखाडात पावसाची झड लागली तसं त्याचं जेवणावरचं मन उडालं.

"काऊन घास चिवडून राह्यले?" बायकोनं, धुरपतानं विचारलं.

"त्या घराच्या दारात मी ओली फळी घातली वं. आतापर्यंत पिळली असन, दार लागत नसन."

"मंग जा न. सांगून टाका अन् बदलून या."

कवडूनं घरातली चांगली वाळलेली फळी निवडली, गोणपाटात गुंडाळली आणि खांद्यावर घेऊन वर्ध्याला रेल्वेत चढला. तिसऱ्या दिवशी भर पावसात एसटीतून उतरला.

मधुकररावांच्या पत्नीनं, कोकिळाबाईंनी दार उघडलं. एका बोटानं उघडलं. कवडूनं आत जाऊन एकेक खिडकी लावून पाहिली. सगळ्या नीट लागत होत्या. मागचं दार मात्र सुतळीनं बांधलेलं होतं.

"ते लागतच नाही हो," कोकिळाबाई म्हणाल्या. "मला वाटलं, आमच्याकडची हवाच तशी."

कवडू सुतळी सोडू लागला. "हवा नाई, बाई. मी चुकलो. ओली फळी घातली अन् तुमाले सांगतलं नाई."

मधुकररावांनी गोणपाट उलगडलं. "कवडू, ही फळी तू तळेगावाहून आणलीस?"

"हौ. या दिवसात इथं वाळलेलं कुठं भेटते?"

मधुकररावांना हसू फुटलं. "अगं, आधी याला चहा दे."

दुपारपर्यंत फळी बदलून झाली. नुसता हात लावला की दार चौकटीत जाऊन बसू लागलं. कवडूनं ते चार वेळा लावलं, चार वेळा उघडलं. मग पानावर बसला आणि तांदळाच्या पाच भाकरी संपवल्या.

परतीच्या गाडीत तो असा गाढ झोपला की भुसावळ कधी मागे पडलं, त्याला कळलंच नाही.