साडू टीव्हीवर गातात

जगातल्या झाडून सगळ्या मोठ्या गायकांनी मिळून जेवढे हाल काढले असतील, तेवढे आमच्या साडूंनी एकट्यानं काढले होते. गायक होणं तेवढं राहिलं होतं. सिनेमाच्या मासिकांतून थोरामोठ्यांची चरित्रं वाचून वाचून आधी हाल आणि मग गाणं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. कुणी गायक उमेदीत उपाशी राहायचा असं कळलं, तेव्हापासून साडू दर गुरुवारी घरी जेवेनात. संध्याकाळी आमच्याकडे यायचे, चटणी-भाकरी पोटभर खायचे आणि म्हणायचे, "पाव्हणं, घरचं न्हाय खाल्लं म्हंजे उपाशीच की." कुणी फुटपाथवर झोपायचा, म्हणून हे भर दुपारी सात रस्त्याच्या चौकात पेपर अंथरून आडवे झाले. पोलिसानं उठवलं तर त्याला म्हणाले, "झोपू द्या सायेब, फुडं उपयोगी पडंल." त्यांना सोडवून आणायला कोण गेलं? मीच. सोलापूरच्या वैशाखात माणसाला अंगावर बनियन सोसवत नाही, तिथं हे गळ्याला मफलर गुंडाळून हिंडायचे आणि लोक मला विचारायचे, तुमच्या साडूंना बरं नाही का. उत्तरं देऊन देऊन मी थकलो होतो.

तसे ते मूळचे मोडनिंबकडचे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचे. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे अक्का, त्याच शेडमध्ये मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची. तिथला खडखडाट असा, की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. साडूंचा रियाज तिथंच, दिवसभर, मोकळ्या गळ्यानं. मागात इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की गाणं थांबवायचं, हात घालून नवी कांडी बसवायची आणि पुन्हा धृपदापासून सुरुवात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अक्कानं नवऱ्याचं गाणं कानांनी कमी आणि डोळ्यांनीच जास्त ऐकलं होतं.

अशात मुंबईच्या टीव्हीवर गाण्याची स्पर्धा निघाली आणि साडूंना बोलावणं आलं. कसं आलं ते देव जाणे. पहिला नंबर आला तर माग कायमचा सोडणार, असं ते शेडभर सांगून बसले, मालकालासुद्धा सांगितलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. पण सोलापुरात तेव्हा टीव्ही होता कुणाकडे? साडूंनी मला फर्मावलं, "पाव्हणं, तुमी हिला पुण्याला न्या. तितं दिसतंय म्हणं. मी गाताना हिनं बघितलं पायजे." गेला माझा रविवार.

पुण्यात एका दुकानाच्या काचेआड टीव्ही चालू ठेवला होता आणि बाहेर रस्त्यावर ही गर्दी. काचेतून आवाजाचा टिपूस बाहेर येत नव्हता. मी म्हटलं, झालं, एवढं गाडीत चेंगरून आलो ते मुक्यानं गाणं बघायला. तेवढ्यात साडू दिसले, मफलर नाही, अंगात कुणाचा तरी कोट. अक्का पदर सावरून पुढं सरकली आणि त्यांच्या ओठांवरून एकेक ओळ हळूच मला सांगायला लागली. धृपद झालं, पहिला अंतरा झाला. शेजारचे दोघं-तिघं टीव्ही सोडून तिच्याकडे कान लावून उभे राहिले. दुसऱ्या अंतऱ्याच्या मध्यात साडूंनी तोंड मिटलं, खाली वाकले आणि उजवा हात घातला हवेत, काहीतरी चाचपत. गर्दी हसली. मला काही कळेना. अक्का म्हणाली, "कांडी सपली." मग साडू सरळ झाले आणि त्यांनी पुन्हा धृपद धरलं. रोज तिथंच थांबायची सवय. तिथून पुढचा अंतरा त्यांच्या तोंडून कधी निघालाच नव्हता.

नंबर येणार नव्हताच. परत आल्यावर साडूंनी सांगितलं, "मुंबईवाल्यांनी त्यांचीच मान्सं घेतली." जेवणाच्या सुट्टीत माग थांबले तसं शेडमध्ये सगळ्यांनी अक्काला गाठलं, कारण त्यांच्यातली बघणारी ती एकटीच. ती म्हणाली, "लई ग्वाड म्हणलं. कुटं अडकलं न्हायत." साडू खाली मान घालून ऐकत होते. त्यानंतर त्यांनी मफलर सोडला आणि गाणंही सोडलं. गुरुवारी आमच्याकडे येईनात. मला वाटलं होतं, सुटलो एकदाचा. पण चार-पाच गुरुवार असे गेले आणि माझं जेवणात लक्ष लागेना. खरं सांगतो, त्या माणसाची मला सवय झाली होती.

पुढं आमच्याकडच्या बारशाचं सांगायला मी कारखान्यात गेलो. साडू मागावर उभे, ओठ मिटलेले. अक्का कांड्या द्यायला आली, त्यांच्याकडे बघून काहीतरी बोलली. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. तिनं हात घालून त्यांचा मागच बंद केला. कापडावर मजुरी असते, माग बंद ठेवणं तिथं कुणाला परवडत नाही. ती कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभी राहिली. साडूंनी इकडंतिकडं बघितलं, मग डोळे मिटून तोंड उघडलं. बाकीचे माग खडखडत होते. मधेच त्यांचा हात सवयीनं खाली गेला, तो अक्कानं धरला. साडू थांबले नाहीत.

ते शेवटपर्यंत गायले. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर अक्काला विचारलं, "कसं म्हटलं?" ती डोळे पुसत म्हणाली, "ह्यो अंतरा मी पयल्यांदाच बघितला."