गेटच्या कॅमेऱ्यातली बाई

"ओढणी काढ. साहेबांनी सांगितलंय."

बोईसरच्या एका कारखान्याचं गेट. शिफ्ट सुटलेली. सिक्युरिटीवाली बाई मला सगळ्यांसमोर चाचपत होती. कंबर, पाठ, चपलांचे तळसुद्धा. त्या कारखान्याच्या ऑफिसात मी झाडूपोछा करायची, चहाचे कप धुवायची. दुपारपासून साहेबांचा मोबाईल सापडत नव्हता. ऑफिसात येणारी-जाणारी माणसं पुष्कळ. थांबवलं मला एकटीला.

माझ्याजवळ डबा निघाला आणि घराची चावी. साहेब बाजूला उभे होते. म्हणाले, "पाड्यावरच्या बायका कामाला ठेवल्या की हे असंच."

मागे रांगेत माझ्याच पाड्यावरच्या बायका होत्या. पाम गावाजवळ आमचा पाडा. रोज एकाच रिक्षातून जायचं-यायचं. त्या दिवशी रिक्षात बसल्याबरोबर प्रत्येकीने आपली पिशवी मांडीवर घेतली आणि घट्ट धरली. माझ्यापासून.

दुसऱ्या दिवशी मोबाईल साहेबांच्याच गाडीत सापडला. सीटखाली. ड्रायव्हरने मला सांगितलं. साहेबांनी सांगितलं नाही. चहा घेऊन गेले तर मोबाईल टेबलावर.

मी म्हटलं, "साहेब, सापडला तर सगळ्यांना सांगा ना. गेटवर सांगा."

"विषय संपला. जा, कामाला लाग."

"मग मला गेटवरचा व्हिडिओ द्या. नाय तर मी पोलिसात जाते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हसले. कॉम्प्युटरवाल्याला बोलावून एका पेनड्राइव्हमध्ये फाईल टाकायला लावली आणि माझ्यापुढे धरली. "घे. उघडता आली तर बघ." कॉम्प्युटरवालाही हसला. का हसले ते मला तेव्हा कळलं नाही.

स्टेशनजवळ एक मोबाईलचं दुकान आहे. तिथल्या भैयाने पेनड्राइव्ह लावला. फाईल उघडेना. "दीदी, ये क्या है? डीएव्ही? कभी देखा नहीं." त्याने नावाच्या शेवटचं डीएव्ही खोडून तिथे एमपीफोर लिहिलं. नुसता काळा पडदा. "खराब है. ले जाओ."

मी स्टुलावर बसून राहिले. ते हसू आता कळलं. आमच्यासारख्यांना ही उघडता येणार नाही, हे ठाऊक असूनच साहेबांनी दिली होती.

"भैया, हे उघडल्याबिगर मी घरी जानार नाय."

तो वैतागला. पण शोधायला लागला. मध्ये गिऱ्हाइकं आली, रिचार्ज करून गेली. शेवटी त्याला कळलं, ही कॅमेऱ्याच्या मशीनची स्वतःची फाईल, ती त्या मशीनच्याच प्लेयरवर चालते. तो प्लेयर त्याने नेटवरून घेतला, त्यातून फाईल बदलली. मग चित्र हललं.

आवाज नव्हता. वरून दिसणारी लहान लहान माणसं. मी स्वतःला शोधलं. सापडले.

मी सगळ्यांना सांगत होते, मला हात वर करायला लावले. चित्रात तसं नव्हतं. सिक्युरिटीवाली बाई अजून पाठमोरी होती, खुर्ची सरकवत होती. साहेब तर तोवर आलेच नव्हते. माझे दोन्ही हात वर होते. मान खाली. कुणी सांगायच्या आधीच.

"परत लावा."

त्याने परत लावलं. हात तसेच.

लहानपणी आई चिकूच्या वाडीत कामाला जायची. आम्ही पोरी बरोबर. घरी निघताना मालकीण दारात आली की आम्ही आपणहून परकर झटकून दाखवायचो. ती हसायची. आम्हाला वाटायचं, आमच्यावर खूश झाली. आईसुद्धा आपली टोपली उलटी करून दाखवायची. कुणी मागितलं नसताना.

"पानी पियोगी, दीदी?" भैयाने विचारलं. मी नको म्हटलं. रडू आलं नाही. राग आला. आधी माझ्या हातांचा. मग ज्यांनी त्यांना ही सवय लावली त्यांचा.

तो व्हिडिओ भैयाने माझ्या मोबाईलवर टाकून दिला, तो मी पाड्यावर दाखवला. पिशव्या घट्ट धरणाऱ्या बायकांनाच दाखवला. एकीने परत लावायला सांगितला. मग एक म्हणाली, "आमी पन अशाच उभ्या राहतो." दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात आली. मी तक्रार दिली.

त्यानंतर मला कामावर घेणं बंद झालं. मग ज्याने मला तिथे कामाला लावलं होतं तो कंत्राटदार घरी आला. "साहेब कामावर परत घेतायत. तक्रार मागे घे."

"साहेबांनी माफी मागायची. गेटवर, शिफ्ट सुटताना. सगळ्यांना ऐकू जाईल अशी."

"असं कुठं असतं का?"

"नसंल. मी मागं घेनार नाय."

तो गेला. काम गेलं ते गेलंच. दुसरं शोधतेय. साहेबांचे निरोप अजून येतात, केबिनमध्ये ये, बसून बोलू. त्या केबिनमध्ये मी पाऊल ठेवणार नाही. अपमान उघड्यावर केला, माफीही उघड्यावर मागतील. नाही मागितली तर कोर्टात उभी राहीन.