राणेसाहेबांचा उजवा हात

राणेसाहेब आपल्या उजव्या हाताला शिव्या घालत, त्याही चारचौघांत. "ऊठ रे आळशा! तुझा इकामा अजून संपलेला नाही!" इकामा म्हणजे सौदीत राहायचा परवाना. तिथल्या खमीस मुशैतला ते आमच्या शेजारी राहत, यंत्रदुरुस्तीतले मुरलेले इंजिनिअर. अर्धांगवायूच्या झटक्यातून पाय सावरला, हात मात्र लोंबतच राहिला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. "मी काय कुकुलं बाळ आहे?" म्हणत साहेबांनी तो भिरकावला आणि मासे पकडायची काठी विकत आणली.

कंपनीने सांगूनच टाकलं होतं, वैद्यकीय तपासणीत हात चालला तर नोकरी, नाहीतर खुरूज, म्हणजे कायमचं घरी. साहेबांनी आपली परीक्षा आपणच ठरवली: डाव्या हातात काठी, उजव्याने रीळ फिरवायचं आणि मासा बाहेर काढायचा. दर शुक्रवारी मी त्यांना डोंगरातल्या धरणावर न्यायचो. हवा महाबळेश्वरची, पण माकडं महाबिलंदर. एकदा त्यांनी आमिषाची कणीकच पळवली. साहेब खूश! "बघा, मालाला गिऱ्हाईक आहे!"

मासे लागायचे, पण ऐनवेळी साहेबांची बोटं रिळाच्या मुठीवरून घसरायची आणि मासा पसार. मदतीला गेलो की खेकसायचे, "खबरदार! माझा मासा, माझा हात." अस्सा राग यायचा मला! तरी पुढच्या शुक्रवारी गाडी काढून मीच आधी उभा.

तपासणीच्या आधीच्या शुक्रवारी राणेवहिनीही आल्या. जरा वेळाने काठी वाकली. साहेबांची बोटं थरथरत मुठीभोवती वळली. रीळ फिरलं, अडलं, पुन्हा फिरलं. "यल्ला, साहेब, यल्ला!" मी बोंबलत होतो. वीतभर तिलापिया काठावर तडफडू लागला आणि साहेब मटकन खाली बसून ओक्साबोक्शी रडले. माझेही डोळे भरून आले.

मग ते एकदम चपापले. "अगं, आज संकष्टी ना? सोडतो याला." चतुर्थीला घरात अंडंसुद्धा येऊ न देणाऱ्या वहिनी कडाडल्या, "उपास कुणासाठी धरते मी? या हातासाठीच ना? बाप्पाने दिलेलं पाण्यात टाकायचं नसतं. मी चंद्र बघून जेवेन, तुम्ही आत्ता खा!"

तपासणी करणाऱ्यांना हे पुरलं नाही. खुरूज आलाच. अभाच्या विमानतळावर निरोप घेताना साहेबांनी मुद्दाम उजवा हात पुढे केला आणि माझा असा आवळला, की मी कळवळून म्हणालो, "साहेब, सोडा!"

त्यांनी सोडला नाही.