शेवट सांगणारा माणूस

माझा नियम चाळीस पानांचा. तेवढ्यात पुस्तकाने धरलं नाही, तर मी ते सोडते. दिवसभर शाळेत गणित शिकवून घरी आल्यावर कंटाळा विकत घ्यायला मला वेळ नसतो.

नवऱ्याला हे पटत नसे. पिंप्राळ्याच्या आमच्या घरात वाचनालयाची दोन कार्डं होती. मी टाकलेलं पुस्तक ते उचलत आणि रोज संध्याकाळी तास-दोन तास तोंडासमोर धरून बसत.

"तू पुस्तकं वांग्यांसारखी दाबून पाहतेस," ते म्हणत.

"आणि तुम्ही किडकंसुद्धा भाजून खाता."

आठवड्याने जेवताना ते मला शेवट सांगत. धाकटा भाऊ परत येतो, घराला कुलूप लावतो आणि आईला धुळ्याला घेऊन जातो, असं काहीतरी. भाकरी मोडता मोडता मी ऐकायची. पुस्तक न वाचता शेवट मिळायचा. सोय होती.

त्यांना जाऊन दोन वर्षं होतील. चाळिसाव्या पानावर पुस्तक मिटलं की आता ते तिथेच संपतं. मुलगी पुण्यात आहे, ती फोनवर औषधं घेतलीस का विचारते. पुस्तकांचं तिला काय सांगणार.

गेल्या महिन्यात वाचनालयात तीच भावाची कादंबरी दिसली. म्हटलं, या वेळी आपणच पुरी करू. तीन संध्याकाळी नेटाने वाचली. आई गावातच मरते. धुळ्याचं नाव कुठे नाही. आणि नायकाला भाऊच नाही.

मला वाटलं, त्यांचा दोन पुस्तकांत घोटाळा झाला असेल. म्हणून त्यांनी शेवट सांगितलेलं आणखी एक पुस्तक आणलं. त्याची शेवटची पानं कडेला एकमेकांना जोडलेली होती, छापखान्यातून आली तशीच. ती कुणी कापलीच नव्हती. मी सुरीने कापून वाचली. तिथेही त्यांनी सांगितलेलं काही नव्हतं.

म्हणजे तेही सोडत होते. मला चिकाटीचे धडे देऊन झाल्यावर आता कबूल कसं करायचं, म्हणून बसून राहत असतील. मला राग आला. इतक्या संध्याकाळी आम्ही समोरासमोर गप्प बसलो, मी वह्या तपासत आणि ते न वाचलेलं पुस्तक धरून. त्यापेक्षा बोललो असतो. भांडायला उठले, तर समोरची खुर्ची रिकामी.

तिसरं पुस्तकही आणलं होतं. त्यात एक नर्स चाळीसगावला गाडी बदलायला उतरते आणि पुढच्या गाडीत चढतच नाही. माझी चाळीस पानं तिथे संपली होती. पुढे ती स्टेशनबाहेर खोली घेते, शिवणाचं मशीन आणते आणि म्हातारपणापर्यंत मजेत राहते, असं त्यांनी सांगितलं होतं.

ते पुस्तक मी न उघडता परत केलं.