ताटीवरचं पाणी

लग्न होऊन मी जबलपूरहून नागपूरला आले आणि तिसऱ्याच उन्हाळ्यात ते नळीचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. मोठी लढाई सुरू व्हायला अजून दोनेक वर्षं होती. आमचं घर धंतोलीत. सासरे वकील. यजमान सरकारी कचेरीत, त्यामुळे उन्हाळा लागला की साहेबलोकांबरोबर त्यांचं दफ्तर पचमढीला जाई आणि तेही जात. सासऱ्यांचं कोर्ट उन्हाळ्यात सकाळचं असे. दुपारी जेवून ते मागच्या अंधाऱ्या खोलीत झोपले की चार वाजेपर्यंत घरात हालचाल नसे.

समोरच्या खोलीत सासूबाई असत. आदल्या वर्षी न्हाणीघरात घसरून त्यांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. काठी घेऊन दारापर्यंत जात, त्यापुढे नाही. त्या खोलीला पश्चिमेचं दार होतं आणि दुपारची झळ तिथूनच आत येई. म्हणून होळी झाली की त्या दाराला वाळ्याची ताटी बांधत. ताटी ओली असली तर खोलीत गारवा आणि सुगंध. वाळली तर काही उपयोग नाही.

ताटी ओली ठेवायला एक बाई येत असे. नाल्यापलीकडच्या वस्तीत राहायची. माझ्या लग्नाच्याही आधीपासून दर उन्हाळ्यात येत होती. अकरा वाजता यायची, ऊन उतरेपर्यंत थांबायची. बादली भरायची, लोट्याने ताटीवर पाणी मारायची आणि पुढचं पाणी मारायची वेळ होईपर्यंत उंबऱ्याशी बसून सासूबाईंशी बोलायची.

सासूबाई वऱ्हाडातल्या एका खेड्यातल्या. वकिलांच्या घरात येऊन त्यांना चाळीस वर्षं झाली होती आणि आमच्याशी त्या जपून, छापल्यासारखं बोलत. त्या बाईशी मात्र त्यांची जीभ मोकळी होई.

"काहून वं, आज उशीर केला?"

"पोरगी आली नं बाई घरी. तिच्या सासूचं गाऱ्हाणं आयकून राहिलो होतो."

"सांग मले. समदं सांग."

मग दोघी हसत. मला अर्धं कळत नसे आणि जे कळे त्याची मला थोडी लाज वाटे. मी मॅट्रिक झालेली. शेजारच्या खोलीत पुस्तक घेऊन पडलेली असे आणि त्यांच्या बोलण्याने माझं वाचन मोडे, हेही खरं.

माझे वडील रेल्वेच्या कारखान्यात होते. घरात काही बिघडलं की ते स्वतः उघडून बसत आणि मी शेजारी बसून खिळे-पेच धरून ठेवी. त्यामुळे यंत्राची मला भीती नव्हती. त्या वर्षी मी सासऱ्यांना म्हटलं, "ताटीवर आपोआप पाणी पडेल अशी सोय करता येईल." त्यांना गंमत वाटली. म्हणाले, "करून पाहा, सूनबाई."

एक मिस्त्री बोलावला. ओसरीत भिंतीलगत दारापेक्षा उंच विटांचा ओटा बांधून घेतला आणि त्यावर पत्र्याचं पिंप बसवलं. सकाळी नळाला जोर असे तोवर ते भरून घ्यायचं. पिंपातून निघालेली नळी भिंतीवरून छातीच्या उंचीपर्यंत खाली येई, तिथे दाराच्या चौकटीशी, हात पोचेल अशी पितळी तोटी, आणि तिथून पुन्हा वर ताटीच्या माथ्यावर. माथ्यावरच्या आडव्या नळीला बारीक भोकं पाडलेली. तोटीच्या खाली मिस्त्रीने एक पितळी वाटी बसवली होती, आत जाळी.

"कचरा या वाटीत अडकन," त्याने दाखवलं. "आठ दिवसाले हातानं फिरवून खोलायची, धुवायची, बस."

सासूबाई पलंगावरून पाहत होत्या. त्यांनी विचारलं, "हातानं निघते का ती?"

"लहान पोराच्या हातानंही निघन, बाई."

पाणी सोडलं. ताटीवर एकसारखी धार झिरपू लागली. सासऱ्यांनी दोन वकील मित्रांना बोलावून दाखवलं. यजमानांना मी पत्र लिहिलं, त्यांचं कौतुकाचं उत्तर आलं. आणि त्या बाईला मी एक नवं लुगडं दिलं आणि सांगितलं, आता यायची गरज नाही.

लुगडं काखेत घेऊन ती सासूबाईंच्या पलंगाशी गेली. दोघी हलक्या आवाजात काहीतरी बोलल्या, मी ऐकलं नाही.

पहिला आठवडा बरा गेला. मग डाव्या बाजूची ताटी कोरडी राहू लागली. मी स्टुलावर चढून पाहिलं, तर भोकांवर पांढरा क्षार धरला होता. त्या दिवसांत नळ कमी येई म्हणून पिंपात विहिरीचं पाणी घालत होतो, त्याचा तो क्षार. गोधडीच्या सुईने एकेक भोक मोकळं केलं. पुन्हा धार लागली. दोन दिवसांनी पिंप पूर्ण रिकामं झालं आणि नंतर भरूनही पाणी येईना. वडिलांची आठवण झाली. नळीत हवा अडकली असणार. वरच्या नळीचं टोक उघडून तोंडाने ओढलं, गुळगुळ आवाज झाला आणि पाणी तोंडावर आलं. मी एकटीच हसले. असे दोष शोधायला मला फार आवडे.

तिसरा दोष मात्र कळेना. सकाळी पाणी ठीक. दुपारी दीड-दोनला धार बारीक होई, मग बंद. संध्याकाळी जाऊन पाहावं तर पुन्हा ठीक. पिंप भरलेलं, भोकं स्वच्छ, वाटीतली जाळीही स्वच्छ, तोटी पूर्ण उघडी. मला वाटलं, उन्हाने नळी तापत असेल. भिंतीवरच्या नळीला ओलं पोतं गुंडाळलं. फरक पडला नाही.

सासूबाई म्हणत, "राहू दे आता. माणसाच्या हाताचं पाणीच बरं."

मी म्हणे, "दोन दिवस द्या मला. सापडेल."

मग एका दुपारी धार थांबल्याबरोबर मी उठले. सासूबाई डोळे मिटून पडल्या होत्या. मी तोटीखालची वाटी फिरवून उघडली. जाळीवर एक चिंधी घट्ट वळून दाबून बसवली होती. ओली, हिरव्या चौकडीची. सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची. उशाशी औषधाच्या बाटल्या पुसायला ठेवत त्यांतलीच.

त्या क्षणी सगळं समजलं. दुपारी मी पडले की त्या काठी टेकत दाराशी येत, वाटी उघडून चिंधी बसवत, आणि संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले की काढून घेत. मोडक्या मांडीने, पलंगापासून दारापर्यंत, दिवसातून दोनदा.

माझं मन तेव्हा कळवळायला हवं होतं. तसं झालं नाही. मला राग आला. वाटलं, चार लोकांनी माझं कौतुक केलं ते यांना पाहवत नाही. मी चिंधी पिळून दांडीवर वाळत घातली, त्यांना दिसेल अशी. वाटी बसवली, धार लागली. मी वळून पाहिलं. त्यांचे डोळे उघडे होते.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला बोलावलं आणि वाटी पान्ह्याने आवळून घेतली, पुन्हा हाताने निघू नये अशी; आठवड्याला जाळी धुवायला एक पान्हा माझ्याजवळ ठेवून घेतला.

"काही बिघडलं होतं का?" त्याने विचारलं.

"सैल होती," मी म्हणाले.

तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बरं केलंस. कटकट मिटली."

त्यानंतर त्या उन्हाळ्यात पाणी एकदाही थांबलं नाही. खोली गार असे, आणि सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असत. मी विचारलं, "काही हवं का?" तर म्हणत, "काही नको." शेजारच्या खोलीत आता माझं वाचन कोणी मोडत नव्हतं.

त्याच वर्षी पौषात त्यांना सर्दी झाली, छातीत उतरली आणि सहाव्या दिवशी त्या गेल्या. शेवटचे दोन दिवस त्या भ्रमात फक्त वऱ्हाडीत बोलत होत्या. मी उशाशी बसून होते. उत्तर काय द्यावं ते मला सुचत नव्हतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती बाई आली. उशिरा कळलं म्हणाली. ओसरीत भिंतीला टेकून बसली आणि बराच वेळ रडली. मग तिने विचारलं, "मंग तुमची नळी बिघडलीच नाई का?"

"म्हणजे?"

"बाई म्हणे का, नळी काई टिकत नाई. तू दुसरं काम धरू नको. बिघडली का सूनबाई तुले बलावतीन. दूधवाल्याच्या हाती दोनदा निरोप आला त्यायचा. मी सारा जेठ वाट पाहत राहिलो. म्हटलं, आज बलावतीन, उद्या बलावतीन."

मी म्हणाले, "बिघडली होती. मी दुरुस्त केली."

"हुशार हाय तुमी," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. "त्यायले बोलाले लागे नं बाप्पा. माह्यापाशी काय होतं? चार घरच्या गोष्टी. पण आयकत."

तिला चिंधीची गोष्ट सांगावी असं फार मनात आलं. पण म्हणाले, "येत्या उन्हाळ्यात ये. ताटीचं काम तुलाच देते."

"आता मी कापसाच्या जिनिंगमधी कामाले जातो. तिथं लावलं पोरीनं." तिने डोळे पुसले आणि दारातून समोरच्या खोलीकडे पाहिलं. "आन् तिथं आता कोन हाय?"

ती गेली. पुढे एकदा मी त्या वस्तीत तिची चौकशी करायला गेले. मुलीकडे गेली एवढंच कळलं. गाव कोणाला सांगता आलं नाही.

यजमान पचमढीहून परतले होते तेव्हा त्यांनी सगळी नळी वरपासून खालपर्यंत पाहून मला विचारलं होतं, अडचणी काय काय आल्या? मी क्षाराचं सांगितलं, हवेचं सांगितलं. तिसरं सांगितलं नाही. त्यांची आई हयात होती तेव्हा नाही आणि नंतरही नाही. त्यांना आयुष्यभर वाटत राहिलं की मी त्यांच्या आईचा तो उन्हाळा सुखाचा केला. दोन-तीनदा त्यांनी ते पाहुण्यांसमोर बोलून दाखवलं, आणि मी चहा आणायला उठून आत गेले.

मला सगळ्यात लागतं ते हे, की त्या दुपारी पलंगाच्या कडेला बसून, अडखळत का होईना, "काहून?" एवढं मी त्यांना विचारू शकले असते.